परदेशी संशोधन फेलोशिप: फॉर्म उघडण्याआधीच्या वर्षात काय करायचं

फेलोशिपचा ऑनलाइन फॉर्म भरायला पंधरा दिवस पुरतात. पण परीक्षक ज्या कागदांवरून निवड करतो, ते पंधरा दिवसांत तयार होत नाहीत. संशोधनाचा आराखडा, परदेशातल्या यजमान प्राध्यापकाचं पत्र, तुमचं काम जवळून पाहिलेल्या माणसांची शिफारसपत्रं, या सगळ्याला मिळून वर्ष लागतं. महाराष्ट्रातल्या राज्य विद्यापीठांत आणि संलग्न महाविद्यालयांत पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींचं घोडं नेमकं इथेच अडतं. जाहिरात व्हॉट्सॲपवरून फिरत त्यांच्यापर्यंत पोचते, तेव्हा मुदत तीन आठवड्यांवर आलेली असते. मग घाईत लिहिलेला आराखडा जातो, नकार येतो आणि 'आपल्यासारख्यांना तिथे कोण घेतो' अशी समजूत पक्की होते. ती समजूत चुकीची आहे. हा लेख पीएच.डी. करणाऱ्यांसाठी आणि ती नुकतीच पूर्ण झालेल्यांसाठी आहे. मास्टर्ससाठी जाणाऱ्यांना आणि गावपातळीवर नवं तंत्रज्ञान उभं करणाऱ्यांनाही त्यातला काही भाग उपयोगी पडेल.

आधी ठरवा: पदवी, संशोधन की झालेल्या कामाचा सन्मान

पदवी हवी असेल तर वाटा वेगळ्या. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती एका वर्षाच्या मास्टर्ससाठी असते. तिला २,८०० तासांचा, म्हणजे साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि अभ्यास संपल्यावर किमान दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिपला तीन वर्षांचा पूर्णवेळ, पगारी अनुभव लागतो. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडस अभ्यासक्रमात किमान दोन देशांत शिकायचं असतं आणि शिष्यवृत्ती दरमहा १,४०० युरो असते.

पदवी नको, स्वतःचं संशोधन पुढे न्यायचं आहे, असं असेल तर तीन नावं आधी पाहावीत: फुलब्राइट-नेहरू (अमेरिका), हम्बोल्ट (जर्मनी) आणि मारी क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिप (युरोप). या लेखाचा भर या तिघांवर आहे. पुरस्कारांचं गणित निराळं, त्यांच्याकडे शेवटी येऊ.

पात्रतेच्या तारखा कागदावर लिहून काढा

वय किती, यापेक्षा पीएच.डी. होऊन किती काळ झाला हे इथे जास्त वेळा विचारलं जातं.

हम्बोल्ट फेलोशिपचे दोन गट आहेत. पीएच.डी. होऊन चार वर्षं उलटली नसतील तर तुम्ही पोस्टडॉक (पीएच.डी.नंतर लगेच संशोधन करणाऱ्यांच्या) गटात येता आणि सहा ते चोवीस महिने जाऊ शकता. बारा वर्षांपर्यंतच्यांसाठी अनुभवी संशोधकांचा गट आहे. तिथे सहा ते अठरा महिने मिळतात आणि ते तीन फेऱ्यांत विभागून घेता येतात. महाविद्यालयात शिकवणाऱ्या प्राध्यापकांना ही विभागणी फार सोयीची पडते, कारण सलग दीड वर्ष रजा मिळणं कठीण असतं.

मारी क्युरीत पीएच.डी.नंतरचा संशोधनाचा अनुभव आठ वर्षांपेक्षा जास्त चालत नाही. संशोधनाबाहेरच्या नोकरीचा किंवा बाळंतपण, आजारपण अशा खंडाचा काळ त्यातून वगळता येतो. त्यासाठी पुरावे लागतात, ते आतापासून जपून ठेवा. शिवाय ज्या देशात जायचं आहे, तिथे अर्जाच्या मुदतीआधीच्या छत्तीस महिन्यांत तुम्ही बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावेत. जर्मनीत आधीच पोस्टडॉक करत असाल तर हा नियम आडवा येतो. अशा वेळी दुसऱ्या देशातला यजमान शोधावा.

फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल रिसर्च ही पीएच.डी. चालू असतानाची फेलोशिप आहे, सहा ते नऊ महिन्यांची. भारतीय संस्थेत नोंदणी होऊन किमान एक वर्ष झालेलं असावं लागतं. प्रबंध जमा करण्याची तारीख फेलोशिप संपल्यानंतर किमान तीन महिन्यांनी असावी, अशीही अट असते. म्हणजे नोंदणीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अर्ज करणं उत्तम. चौथ्या-पाचव्या वर्षी, प्रबंधाची प्रकरणं लिहून होत आली असताना, ही दारं बंद झालेली असतात.

आपल्याकडे आणखी एक गुंता होतो. व्हायवा एका तारखेला, विद्यापीठाची अधिसूचना दुसऱ्या तारखेला, दीक्षान्त समारंभ वर्षभराने. कोणती संस्था यातली कोणती तारीख धरते, हे तिच्या त्या वर्षीच्या सूचनापत्रकात लिहिलेलं असतं. शंका असेल तर संस्थेला ईमेल करून विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. संस्था अशा प्रश्नांना उत्तर देतात. विचारण्यात कमीपणा नाही.

मुदतीपासून उलटं मोजा

फुलब्राइट-नेहरू डॉक्टरलची मुदत साधारण जुलैत असते आणि निघायचं असतं पुढच्या वर्षीच्या ऑगस्टनंतर. मारी क्युरीची मुदत सप्टेंबरात येते. हम्बोल्टला मुदतच नाही. अर्ज वर्षभरात कधीही करता येतो आणि निवड समिती वर्षातून तीनदा बसते. मुदत नसली की आपण उद्यावर ढकलत राहतो, म्हणून हम्बोल्टसाठी स्वतःच एक तारीख ठरवून ती गाईडला सांगून टाकावी.

जुलैची मुदत धरली तर आधीच्या दिवाळीपर्यंत संशोधनाचा प्रश्न पक्का हवा. नोव्हेंबर ते जानेवारीत यजमान शोधायचा, पत्रव्यवहार करायचा. फेब्रुवारीत आराखड्याचा पहिला खर्डा. मार्चमध्ये तो दोन माणसांना वाचायला द्यायचा, एक आपल्या विषयातला आणि एक पूर्ण बाहेरचा. एप्रिलमध्ये शिफारसपत्रांची विनंती, ट्रान्सक्रिप्टचा अर्ज आणि भाषेची परीक्षा लागणार असेल तर तिची नोंदणी. आयईएल्ट्स आणि टोफेलचे गुण दोन वर्षं चालतात, त्यामुळे ती परीक्षा आधी उरकलेली बरी. मे-जूनमध्ये परीक्षा, पेपर तपासणी, उन्हाळ्याची सुट्टी यामुळे आपल्या विद्यापीठांत कोणीच जागेवर सापडत नाही, हे गृहीत धरूनच हे वेळापत्रक आखलं आहे.

प्रश्न: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

नाकारल्या गेलेल्या बहुतेक आराखड्यांत विषय असतो, पण प्रश्न नसतो. एक उदाहरण घेऊ. सांगली किंवा सोलापूरकडचा एक विद्यार्थी द्राक्षांवर काम करतो आहे. तो लिहितो: 'द्राक्ष हे जगातलं महत्त्वाचं फळपीक आहे. त्यावर अनेक रोग येतात. केवडा हा त्यातला गंभीर रोग आहे. प्रस्तुत संशोधनात केवड्याच्या नियंत्रणाचा अभ्यास आधुनिक तंत्रांनी केला जाईल.' यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण परीक्षकाला यातून काहीच कळत नाही: नक्की काय शोधायचं आहे, ते आजवर कोणी का शोधलं नाही, आणि त्यासाठी जर्मनीतच का जायचं?

आता हाच विद्यार्थी असं लिहितो असं समजा: 'महाराष्ट्रात ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला की थॉमसन सीडलेस आणि तिच्यापासून निघालेल्या तास-ए-गणेश, सोनाका या वाणांच्या कोवळ्या फुटींवर आणि घडांवर केवडा पसरतो. युरोपात रेजंटसारख्या वाणांत या रोगाला रोखणारी आरपीव्ही ३ ही जनुकीय प्रतिकारशक्ती आहे. मात्र तिथल्या काही रोगवाणांनी (रोगकारकाच्या उपप्रकारांनी) ती मोडल्याचं आढळलं आहे. महाराष्ट्रातल्या रोगवाणांसमोर ती टिकेल का, हे मला तपासायचं आहे. रेजंट जर्मनीतल्या ज्या गायलवायलरहोफच्या संस्थेत तयार झाला, तिथे या प्रतिकारशक्तीचे वेगवेगळे स्रोत असलेल्या वेली आणि त्या तपासण्याच्या पद्धती एकाच छताखाली आहेत.'

फरक भाषेच्या सफाईचा नाही. दुसऱ्या मजकुरात ठिकाण आहे, वाण आहेत, आधी काय माहीत आहे आणि कुठे अडलं आहे ते आहे, आणि जर्मनीच का याचं उत्तर आपोआप आलं आहे. तासगाव-मिरजेच्या बागांत वाढलेल्या मुलाला त्या बागांबद्दल जे ठाऊक असतं, ते बॉनमध्ये बसलेल्या परीक्षकाला ठाऊक नसतं. ते ज्ञान हे तुमचं भांडवल आहे. आपल्याकडची मुलं 'जागतिक' दिसावं म्हणून नेमकं तेच पुसून टाकतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

याच उदाहरणातला पुढचा प्रश्न व्यवहाराचा आहे, आणि अनुभवी परीक्षक तो हमखास विचारतो: रोगाचे नमुने तिकडे नेणार कसे? जैवविविधता कायदा, २००२ नुसार भारतातली जैविक सामग्री परदेशी संशोधनासाठी देताना चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या परवानगीचा प्रश्न येतो. जिवंत रोगकारक युरोपात न्यायचा तर तिथल्या वनस्पती-विलगीकरणाचे नियमही लागू होतात. त्यामुळे आराखड्यातच लिहावं की नमुन्यांमधून डीएनए वेगळा करणं आणि त्याचं क्रमवाचन भारतातच होईल, तिकडे फक्त माहितीचं विश्लेषण आणि तिथल्याच रोगवाणांवरच्या चाचण्या होतील. किंवा परवानगीचा अर्ज कधी करणार, ती वेळेत मिळाली नाही तर दुसरा मार्ग कोणता, हे सांगावं. माणसांच्या मुलाखती घेणार असाल तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी, दफ्तरखान्यात काम असेल तर तिथली परवानगी, हाच विचार सगळीकडे. दोन-तीन वाक्यांत हे आलं तरी परीक्षकाला कळतं की या माणसाने काम डोळ्यांसमोर आणलेलं आहे.

मानव्यशास्त्रांतल्या लोकांना 'तिकडेच का' हा प्रश्न जास्त जड जातो. समजा, तुमचं संशोधन एकोणिसाव्या शतकातल्या अहमदनगरच्या मुलींच्या शाळांवर आहे. ते अमेरिकेत कशाला? कारण अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आले, १८३१ पासून नगरला काम करू लागले, आणि त्यांना पाठवणाऱ्या बोस्टनच्या मंडळाची कागदपत्रं आज हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. सिंथिया फरारबाईंच्या नगरच्या ज्या शाळेने जोतीराव फुल्यांवर ठसा उमटवला, त्या शाळेचा मागही या कागदांतून घेता येतो. असं कारण असेल तर 'तिथली ग्रंथालयं समृद्ध आहेत' यासारखी पोकळ वाक्यं लिहावी लागत नाहीत. कोणता संग्रह, त्यातल्या कोणत्या वर्षांची कागदपत्रं आणि त्यांतून प्रबंधाच्या कोणत्या प्रकरणातली कोणती फट भरणार, हे लिहा. बहुतेक मोठ्या ग्रंथालयांच्या संग्रहसूच्या घरबसल्या पाहता येतात.

यजमान प्राध्यापकाला लिहिताना

हम्बोल्ट आणि मारी क्युरीला यजमानाशिवाय अर्जच होत नाही. फुलब्राइटला आमंत्रणपत्र असेल तर अर्जाचं वजन वाढतं.

एकच मजकूर पन्नास प्राध्यापकांना पाठवायची पद्धत सोडून द्या. चार-पाच नावं निवडा. तुमच्या प्रबंधात ज्यांचे पेपर तुम्ही खरोखर वापरले आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करा. त्या गटाचे गेल्या तीन वर्षांतले दोन पेपर नीट वाचा. ईमेल एका स्क्रीनवर मावेल इतकीच असू द्या. पहिल्या वाक्यात तुम्ही कोण, कुठे, कशावर काम करता. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात त्यांच्या कोणत्या निष्कर्षामुळे तुमच्या कामात कोणता प्रश्न उभा राहिला. मग तो प्रश्न. शेवटी कोणत्या फेलोशिपचा अर्ज करायचा आहे, तिची मुदत कधी, आणि पंधरा मिनिटं ऑनलाइन बोलता येईल का. सोबत दोन पानी जीवनवृत्त आणि एक पानी कल्पना जोडा. 'रिस्पेक्टेड सर/मॅडम' आणि 'युअर एस्टीम्ड ऑर्गनायझेशन' गाळा. समोरच्याचं नाव आणि पदवी बरोबर लिहिली की मान राखला जातो.

उत्तर आलं नाही तर दोन-तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग पुढच्या नावाकडे वळा. मोठ्या नावांच्या मागे लागण्यापेक्षा ज्यांचा गट अजून वाढतो आहे अशा मधल्या फळीतल्या प्राध्यापकांना लिहिलं तर जास्त फळ मिळतं, असं माझं मत आहे. ते उत्तर देतात, आराखडा वाचतात, सूचना करतात. मारी क्युरीत तर अर्ज यजमान संस्थेबरोबरच लिहायचा असतो. युरोपातली बरीच विद्यापीठं वसंत ऋतूत इच्छुकांकडून आवेदनं मागवतात आणि निवडलेल्यांना अर्जलेखनाचं प्रशिक्षणही देतात. मार्च ते मे या काळात विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर अशा सूचना शोधत राहा.

आराखड्याचा बांधा

हम्बोल्टचा आराखडा पाच पानांत बसवायचा असतो आणि तो तुमच्या विषयातले स्वतंत्र तज्ज्ञ वाचतात. देशानुसार किंवा विषयानुसार कोटा नसतो, त्यामुळे तिथे कामाच्या दर्जावर बोट ठेवता आलं पाहिजे. मारी क्युरीच्या मुख्य भागाला दहा पानं मिळतात. गुणांची विभागणी जाहीर असते: संशोधनाचा दर्जा ५० टक्के, परिणाम ३० टक्के, अंमलबजावणी २० टक्के. आपले अर्जदार दहातली आठ पानं विज्ञानाला देतात आणि उरलेल्या अर्ध्या गुणांसाठी दोन पानांत उरकतात. 'परिणाम' या भागात या काळातून तुम्ही संशोधक म्हणून कोणती नवी कौशल्यं शिकणार, निष्कर्ष कोणापर्यंत आणि कसे पोचवणार हे विचारलेलं असतं. अंमलबजावणीत महिन्यानिहाय कामाचा तक्ता आणि कुठे अडू शकतं याचा विचार हवा. दोन्ही भागांना त्यांच्या गुणांइतकी जागा द्या.

या दोन्ही फेलोशिपमध्ये मुलाखत नसते. जे आहे ते कागदावरच. म्हणून विषयाबाहेरच्या माणसाने पहिलं पान वाचून 'तुला काय करायचंय ते समजलं' असं म्हणेपर्यंत ते पान पुन्हा लिहायचं. इंग्रजीची धास्ती घेऊ नका. छोटी वाक्यं लिहा. मराठीत विचार करून मग इंग्रजीत उतरवत असाल तर आधी मराठीतच पाच वाक्यांत सारांश काढा. तो पक्का झाला की इंग्रजी सोपं जातं.

शिफारसपत्रं

पत्र कोणी दिलं यापेक्षा त्यात काय आहे याला महत्त्व आहे. कुलगुरूंनी दिलेलं 'हा विद्यार्थी प्रामाणिक व कष्टाळू आहे' असं चार ओळींचं पत्र वाया जातं. ज्यांच्या प्रयोगशाळेत तुम्ही सहा महिने काम केलं, त्यांनी एखादा प्रसंग सांगून लिहिलेलं पत्र उपयोगी पडतं.

आपल्याकडे बरेच गाईड म्हणतात, 'तूच लिहून आण, मी सही करतो.' सरांना नाही म्हणणं अवघड असतं हे खरं. पण स्वतःचं पत्र स्वतः लिहू नये. ते नियमात बसत नाही, आणि तिन्ही पत्रांची भाषा एकसारखी दिसली की परीक्षकाच्या लगेच लक्षात येतं. त्याऐवजी सरांना एक पानभर मुद्दे द्या: त्यांच्यासोबत केलेलं काम, त्यातली एखादी अडचण तुम्ही कशी सोडवली, या फेलोशिपमध्ये कशाला महत्त्व आहे, मुदत कधी. सोबत आराखडाही द्या. असे मुद्दे हाती आले की व्यग्र माणूसही पत्र स्वतः लिहितो. पत्र अपलोड करण्याची लिंक सरांच्या ईमेलवर थेट जाते, तेव्हा ते नियमित पाहतात तोच पत्ता द्या. शक्य असेल तर संस्थेचा.

नाव आणि ट्रान्सक्रिप्ट

आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि पुढे आईचं. पासपोर्टवर नाव आणि आडनाव वेगवेगळ्या रकान्यांत. फॉर्ममध्ये सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच नाव लिहा. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांचे पेपर एका नावाने आणि पासपोर्ट दुसऱ्या नावाने असतो. अशा वेळी राजपत्रातली नोंद किंवा प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवा आणि ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा ओळख क्रमांक काढून दोन्ही नावांचे पेपर त्याखाली आणा. नावातली तफावत हे नाकारण्याचं कारण नसतं, पण निवड झाल्यावर व्हिसाच्या वेळी ती फार धावपळ करायला लावते.

ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून मिळते. जुन्या गुणपत्रिकांसाठी वेळ लागतो. दोन-तीन जादा मोहोरबंद प्रती एकदमच काढून ठेवा.

मुलाखत असेल तर

फुलब्राइट-नेहरू आणि चेव्हनिंगमध्ये मुलाखत होते. समितीत तुमच्या विषयाचा एखादाच जाणकार असतो, बाकीचे वेगळ्या क्षेत्रांतले. प्रश्न साधे असतात: हे काम भारतात राहून का होणार नाही? परत आल्यावर त्याचं काय करणार? यजमान आजारी पडला किंवा दुसऱ्या विद्यापीठात गेला तर? शेजारच्या काकूंना किंवा बारावीच्या पुतण्याला तुमचं काम दोन मिनिटांत सांगण्याचा सराव सर्वांत उपयोगी. एखादी गोष्ट माहीत नसेल तर तसं सांगून ती कशी शोधाल हे बोला. पाठ केलेलं उत्तर समितीला पहिल्या दोन वाक्यांतच कळतं.

राज्याच्या आणि केंद्राच्या शिष्यवृत्त्या

परदेशातल्या पूर्ण पदवीसाठी सरकारी मार्गही तितकाच महत्त्वाचा आहे आणि तो वापरणाऱ्यांना घरातून मार्गदर्शन मिळण्याची शक्यता कमी असते. समाजकल्याण आयुक्तालयामार्फत दिली जाणारी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांसाठी असते. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत १२५ जागा आहेत, त्यांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी. बाकीच्या विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ८ लाख रुपये. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी जनजातीय कार्य मंत्रालयाच्या वेगळ्या २० जागा आहेत. सारथी संस्था मराठा, कुणबी गटांसाठी महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाने शिष्यवृत्ती देते. इतर मागासवर्गीय आणि भटक्या विमुक्तांसाठीही राज्याची योजना आहे.

या योजनांमध्ये विद्यापीठाचं जागतिक क्रमवारीतलं स्थान पाहिलं जातं, त्यामुळे प्रवेश घेण्याआधी त्या वर्षीचा शासन निर्णय वाचा. राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत २०२२ पासून भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय वगळले आहेत. या विषयांतल्या विद्यार्थ्यांनी दुसरे मार्ग धरावेत. त्यांच्यावर हा अन्याय आहे असं मी मानतो. मुंबईचा जे. एन. टाटा एन्डॉवमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो, जयंत नारळीकरही तिचे मानकरी. ती फेडायची असते, पण इतर शिष्यवृत्तीला जोड म्हणून चांगली.

नवं काही उभं केलेल्यांसाठी पुरस्कार

पुरस्कारात कल्पनेला फारसे गुण नसतात. उभं राहिलेलं काम दाखवावं लागतं. पुण्याच्या आरती या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या नेतृत्वाखाली उसाच्या पाचटापासून कोळसा बनवण्याचं तंत्र विकसित केलं, त्याला २००२ मध्ये ब्रिटनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणाऱ्या आटोपशीर बायोगॅस संयंत्रासाठी २००६ मध्ये तो पुन्हा मिळाला. दोन्ही वेळा वापरात असलेलं तंत्र समोर होतं. तुमचं यंत्र, पद्धत किंवा शाळेतला प्रयोग असेल तर आजपासून नोंदी ठेवा: किती घरांत वापर, आधीचा आणि नंतरचा खर्च, किती जणांनी वापरणं सोडलं आणि का. शेवटचा आकडा लपवू नका. तो दिला की बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो.

मॅगसेसे पुरस्काराला स्वतः अर्ज करता येत नाही, नामांकन दुसऱ्याने करायचं असतं. अशोका फेलोशिपमध्ये कल्पनेचं नवेपण, सर्जनशीलता, उद्यमशीलता, सामाजिक परिणाम आणि नैतिक सचोटी हे पाच निकष आहेत आणि मुलाखतींच्या अनेक फेऱ्या होतात. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना मिळाला तो जिल्हा परिषदेच्या शाळेत राहून, पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड वापरण्याच्या कामासाठी. फुलब्राइटसाठी निवड झाल्यावर त्यांच्या रजेचा प्रश्न २०२२ मध्ये वर्तमानपत्रांत गाजला आणि शिक्षणमंत्र्यांना लक्ष घालावं लागलं. नोकरीत असलेल्या प्रत्येकाने यावरून एक करावं: अर्ज करतानाच रजेचा लेखी अर्ज आणि ना हरकत प्रमाणपत्राची मागणी द्यावी आणि पोच घ्यावी.

निवड झाली की करार वाचा

१९१३ साली बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनी केला होता. आजही बहुतेक मदतीला अटी असतात. फुलब्राइट जे-१ या देवाणघेवाणीच्या व्हिसावर मिळते आणि त्यानंतर दोन वर्षं मायदेशी राहिल्याशिवाय एच-१बी (नोकरीचा व्हिसा) किंवा ग्रीन कार्ड (कायम वास्तव्याचा परवाना) मिळत नाही. जोडीदाराची नोकरी अमेरिकेत असेल तर घरात हे आधी बोला. विमा कुटुंबाला लागू आहे का, मुलांसाठी भत्ता आहे का, पहिला हप्ता कधी येतो, हेही विचारा. पहिल्या महिन्याचं घरभाडं आणि अनामत रक्कम अनेकदा हप्ता येण्याआधीच द्यावी लागते, तेवढी सोय हाताशी हवी.

नकार आला तर

मारी क्युरीत प्रत्येक अर्जदाराला परीक्षकांचा लेखी अहवाल मिळतो, कुठे गुण गेले ते त्यात लिहिलेलं असतं. दोन आठवडे तो बाजूला ठेवा, मग यजमानासोबत बसून मुद्द्यानिहाय उत्तरं लिहा. ८५ टक्क्यांच्या वर गुण मिळूनही निधी न मिळालेल्या अर्जाला गुणवत्तेची मोहोर मिळते आणि काही देश व विद्यापीठं त्या आधारावर स्वतःचा निधी देतात. ती मिळाली तर यजमान विद्यापीठाच्या संशोधन कार्यालयाला त्याच आठवड्यात लिहा. उलट, ठराविक गुणांच्या खाली राहिलेला अर्ज त्याच यजमान संस्थेसोबत लगेच पुढच्या वर्षी करता येत नाही, तेव्हा अर्धकच्चा अर्ज 'बघू तरी' म्हणून टाकू नका. हम्बोल्टला सुधारलेला अर्ज पुन्हा करता येतो. तोवर नवा पेपर आला असेल किंवा यजमानाच्या गटाबरोबर ऑनलाइन का होईना एखादं छोटं काम झालं असेल, तर दुसऱ्या अर्जात ते पहिल्याच पानावर लिहा.